एग्लिश्वांडर नावाची तीसेक माणसं

शेजारी कुणी नवीन राहायला आलं की इथे लोक केक नाहीतर कुकीज घेऊन येतात. वॉल्टर रिकाम्या हातांनी आले आणि दारात उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "तुमच्या आडनावाची माणसं जगात साधारण किती असतील?"

जर्सी सिटीतलं बाविसाव्या मजल्यावरचं बिऱ्हाड उचलून आम्ही नुकते ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात आलो होतो. निम्मी खोकी उघडायची होती आणि पाच वर्षांची इरा तापाने फणफणली होती. माझा नवरा सुहास हा कुलकर्णी. तो सहज म्हणाला, "लाखांनी असतील." वॉल्टर यांचा चेहरा उतरला. आम्हाला काहीतरी दुखणं असल्यासारखं त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हाला कुणाला शोधावंच लागत नाही."

मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. वॉल्टर एग्लिश्वांडर. ते त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा आमच्याकडून म्हणवून घेतलं. "अख्ख्या अमेरिकेत आम्ही तीसेक आहोत," ते म्हणाले, "आणि मला सगळे माहीत आहेत." ते गेल्यावर सुहास म्हणाला, "अगं, हा माणूस सिरियसली मोजतोय." इराने त्या नावाचं एका दिवसात 'एग्ली आजोबा' करून टाकलं. खुद्द वॉल्टर यांना ते फार आवडलं, कारण त्यात निम्मं नाव तरी शाबूत होतं.

ते तेव्हा सत्तरीला टेकलेले. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्यांनी चाळीस वर्षं काच फुंकली होती. प्रयोगशाळेत लागणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्या, चंबू, दुहेरी भिंतीची भांडी, सगळं ज्योतीवर धरून तोंडाने फुंकून करायचं. बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. इराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी काचेचं हृदय करून दिलं होतं, चारही कप्प्यांसकट. बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत आमच्या दारातला बर्फ ओढलेला असायचा. आभार मानायला गेलं तर म्हणायचे, "माझ्या फावड्याला हद्द कळत नाही." त्यांच्या बायकोचं, हेलनचं, बोलणं मोजकं. वॉल्टर आडनावाकडे वळले की ती विणकामाचे टाके मोजायला लागायची.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत लाकडी कपाट होतं, लायब्ररीत पूर्वी कार्डांसाठी असायचं तसं, छोट्या छोट्या खणांचं. लायब्ररीने ते मोडीत काढलं तेव्हा वॉल्टर यांनी उचलून आणलेलं. वरच्या खणात जिवंत एग्लिश्वांडरांची कार्डं. माणूस गेला की कार्डाचा कोपरा कात्रीने कापायचा आणि ते मधल्या खणात टाकायचं. सगळ्यात खालच्या खणावर चिठ्ठी होती, 'बाहेर गेलेल्या'. म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या नावात गेलेल्या मुली. आमच्याकडे 'दिल्या घरी' म्हणतात तोच प्रकार, फक्त इथे त्याला खण होता.

दरवर्षी नोव्हेंबरात ते वरच्या खणातल्या प्रत्येकाला पत्र लिहायचे. हाताने, शाईच्या पेनाने, प्रत्येकी चार पानं. तुमचा जन्म कुठला, वडील काय करायचे, लहानपणी घरात कशाचा वास यायचा, तुम्हाला थंडी सोसते का. वर स्वतःकडची खबरबात वेगळी. तीस पत्रांना उत्तरं यायची पाच-सहा. ओहायोतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, कृपया मला पुन्हा लिहू नका. ते पत्रही त्यांनी जपून ठेवलं होतं, कारण खाली सही होती.

सुहासने एकदा लॅपटॉप उघडून म्हटलं, "वॉल्टर, दोन मिनिटांत सर्च करून देतो." त्यांनी स्वतः पुढे होऊन लॅपटॉपचं झाकण लावलं. "त्यात नावं सापडतात," ते म्हणाले. "माणसं पत्राने सापडतात." त्यांची रीत ठरलेली होती. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, चर्चच्या वह्या, कबरस्तानं. कुठेही जाताना मोटेलमध्ये उतरले की आधी टेबलाच्या खणातली डिरेक्टरी काढून ते पान बघायचं, मग बूट काढायचे. हेलनने मला एकदा सांगितलं होतं की हनिमूनलाही तेच झालं. ती हसत सांगत होती, पण विणकामाचे टाके चुकले होते.

नावाचा उगम त्यांनी मला आमच्या परसात सांगितला. तिथली ॲशची झाडं कसल्याशा किड्याने मरत होती. वॉल्टर यांनी नखाने साल उचकटून आतल्या नागमोडी वाटा दाखवल्या आणि म्हणाले, "आमचे लोक हेच करायचे, मुद्दाम." स्वित्झर्लंडच्या डोंगरात शेतीला जागा नसायची. झाडं तोडण्याइतके हात नसायचे. मग बुंध्याभोवती साल गोल सोलून टाकायची. झाड उभ्या उभ्या वाळायचं, दोन-तीन वर्षांनी तिथे गवत उगवायचं, गाय चरायची. अशा जागेला श्वांड म्हणतात. छोट्या कड्यावरची तसली जागा म्हणजे एग्लिश्वांड, आणि तिथला तो एग्लिश्वांडर. तिथे एकच घर होतं, म्हणून नावही एकाच घराचं. त्या घरातला एक मुलगा बोटीने अमेरिकेला आला. तिकडचं घर पुढे ओस पडलं. वॉल्टर स्वतः कधी तिकडे गेले नाहीत. "काय बघायचं? नाव तर इकडे आलंय," ते म्हणायचे.

मी त्यांना सांगितलं की माझ्या माहेरचं आडनावही असंच गावावरून, मंगरूळकर. ते एकदम ताठ बसले. किती आहेत? आता कोण लावतं? मी म्हटलं, आमच्या घरातलं संपलं, आम्ही दोघी बहिणीच. आणि मग बोलण्याच्या ओघात सांगून बसले की माझं तर पहिलं नावही बदललं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, सुहासने अंगठीने त्यात 'मेधा' लिहिलं आणि शैलाची मेधा झाले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते कौतुकाने म्हणाले, "तुमचे लोक काम अर्धवट सोडत नाहीत." मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहा न विचारता घरी पाठवलं.

त्या वर्षीच्या दिवाळीत मात्र त्यांना उत्तर देणारी भेटली. फराळाला पंधरा-वीस मराठी मंडळी जमली होती. वॉल्टर चकली हातात धरून एकेका पुरुषाला आडनावाचा उगम विचारत होते. पुरुष भलतेच खुलले होते. एरवी व्हिसा आणि घरांच्या किमती यांपलीकडे न बोलणारे आपापल्या गावच्या वेशीपर्यंत पोचले. सुहासच्या मित्राच्या आई, नागपूरच्या सुधामावशी, सोफ्यावरून हे सगळं बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "अगं, विचार त्यांना, आम्ही काय चकल्या तळायला आलो काय? आम्हाला आडनावं नव्हती?" मी इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर नम्रपणे म्हणाले, "पण तुम्ही सगळ्या आपापल्या नवऱ्यांच्या कार्डावर आहातच की." सुधामावशी म्हणाल्या, "बाप रे! याच्या घरी पोरगी असली तर कठीण आहे."

त्यांना मुलगी होती. एकच, रूथ. टेक्सासमध्ये प्लेनोला राहायची, नवरा डॅन मिलर. मूल नव्हतं. वॉल्टर तिच्याबद्दल बोलायचे ते दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. तिच्या लग्नाच्या दिवशी चर्चमधून घरी आल्यावर कोट काढायच्या आधी त्यांनी तिचं कार्ड खालच्या खणात टाकलं होतं. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, त्यांनीच मला सांगितलं. दर ख्रिसमसला ते तिला दुकानातलं छापील कार्ड पाठवायचे. पाकिटावर 'मिस्टर आणि मिसेस डॅनियल मिलर' आणि आत फक्त 'डॅड'. तिच्याकडून कार्ड यायचं, त्यावर 'रूथ'. बस.

एक ट्रकवाला, केनी एग्लिश्वांडर, ओरेगॉनमधून शिकागोकडे माल नेत होता, तो वाट वाकडी करून भेटायला आला तेव्हा मात्र वॉल्टर यांनी दोन दिवस घर घासलं. हेलनची तब्येत बरी नव्हती, म्हणून मी आमटी-भात आणि बटाट्याची भाजी करून दिली. केनीने ती तीनदा घेतली, चाळीस मिनिटांत निघूनही गेला. बोलणं मुख्यतः टायरांविषयी झालं. वॉल्टर रस्त्याच्या टोकापर्यंत ट्रकच्या मागे चालत गेले. परत आले ते डोळे पुसत. "त्याचे कान बघितलेस? आमचेच कान," ते म्हणाले. सुहास मला मराठीत म्हणाला, "कान तर माझेही तसेच आहेत यार." मी हसले. आज त्या हसण्याचं वाईट वाटतं. पण त्याहून वाईट हे वाटतं की त्याच आठवड्यात रूथचा फोन आला होता, आणि वॉल्टर यांनी तो केनीच्या गडबडीत दोन मिनिटांत आटपला होता.

हेलन गेली तेव्हा रूथ आली. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. उंच, केस पांढरे होऊ दिलेले, वडिलांसारखीच मान ताठ. मृत्यूची बातमी वॉल्टर यांनी स्वतः लिहून पेपरात दिली होती. 'मागे पती वॉल्टर एग्लिश्वांडर आणि कन्या रूथ मिलर.' रूथने ती वाचली, पेपराची घडी घातली आणि टेबलावर पालथी ठेवली. दुपारी लोक पांगल्यावर मी कप विसळत होते. ती कपाटापाशी गेली. वरचा खण उघडला, बंद केला. खालचा उघडला. "मी अजून इथेच का?" तिने विचारलं. वॉल्टर म्हणाले, "तुझं लग्न झालंय ना." तिने खण हळूच लावला आणि म्हणाली, "हो. झालंय." मला वाटलं, ती आणखी काही बोलणार. ती कप पुसायला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

त्यानंतर वॉल्टर एकटे. वरच्या खणातली कार्डं कोपरे कापून मधल्या खणात जात होती. नवीन जन्म फारसे होत नव्हते, आणि झालेच तर मुली. "माझ्यानंतर हे कोण लावणार?" हा एकच प्रश्न त्यांना छळत होता. नाव मिटलं की ते घर, तो कडा, ती वाळवलेली झाडं, सगळं कुणी नव्हतंच असं होईल, असं ते म्हणायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला त्यांच्यामुळे कळलं.

गेल्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात डॅनचा फोन आला. रूथ आजारी आहे, बरेच महिने आहे, आता लवकर या. इरा तोवर शिकून प्लेनोलाच नोकरीला लागली होती. मी तिच्याकडे जाणारच होते. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला एकट्याने विमानात कसं बसवायचं, म्हणून मी त्यांना बरोबर घेतलं.

इराने आम्हाला विमानतळावरून थेट हॉस्पिटलमध्ये आणलं. बाहेर हायवेवर गाड्यांची झुंबड आणि आत स्वागताच्या टेबलाशी गार शांतता. वॉल्टर यांनी हॅट काढली आणि म्हणाले, "रूथ मिलर. मी तिचा वडील." टेबलावरच्या मुलीने बघितलं. या नावाचं कुणी नाही. वॉल्टर यांनी स्पेलिंग सांगितलं. नाही. "मिसेस डॅनियल मिलर," ते आवाज चढवून म्हणाले. मुलीने मान हलवली. वॉल्टर माझ्याकडे वळले. उशीर झाला, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं. इरा हळूच म्हणाली, "आई, कॉल डॅन." मी फोन केला.

डॅन लिफ्टने खाली आला. सगळं ऐकल्यावर तो सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, "ती माझ्या नावावर नाही, वॉल्टर. ती कधीच नव्हती. तिने तुमचंच नाव ठेवलं."

वर खोलीत रूथ उशांना टेकून बसली होती. अंगावर मांस राहिलं नव्हतं. वॉल्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. हॅट हातातच होती. "तू कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, डॅड." तिचा आवाज बारीक होता, पण शब्द नीट येत होते. "तीस अनोळखी लोकांना दरवर्षी चार-चार पानं. घरात कसला वास यायचा म्हणून विचारायचात त्यांना. मला दुकानातलं कार्ड. वाटायचं, एका वर्षी तरी पाकिटावर लिहिताना थांबाल, फोन कराल, विचाराल की तू कुठलं नाव लावतेस. मग वाटायला लागलं, मी तुमची कुणी नसते तर बरं झालं असतं. पत्र तरी आलं असतं."

वॉल्टर यांनी क्षमा मागितली नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पायथ्याशीच बसले आणि पांघरुणावरून तिचं पाऊल धरलं. ते त्यांनी दुपारभर सोडलं नाही.

संध्याकाळी इराकडे जेवण झाल्यावर त्यांनी कागद मागितले. टेबलाशी बसून वर लिहिलं, 'प्रिय रूथ'. पुढे पेन चालेना. जन्म कुठला, वडील काय करायचे, हे तिला काय विचारणार? आणि बाकीचं कुठून सुरू करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. इरा माझ्या कानाशी म्हणाली, "आई, ही इज क्राइंग. डू समथिंग." मी काय करणार होते? मी भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रूथच्या खोलीत खुर्चीतच झोपी गेले. डॅन घरी गेला होता. त्या वीसेक मिनिटांत रूथ आणि मी बोललो. तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे गेली.

परत आल्यावर वॉल्टर यांनी नोव्हेंबरात पत्रं लिहिली नाहीत. कपाट तसंच होतं, त्याच्याकडे बघायचे नाहीत. रोज चार वाजता ते आमच्याकडे यायचे, आणि चहाचा कप पुढे आला की विचारायचे, "मी झोपलो होतो तेव्हा ती काय बोलली?" मी सांगायचे. सांगण्यासारखं फार नव्हतं. ती तिच्या कुत्र्याबद्दल बोलली. तो व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो. तिला रविवारी भांडी घासायला आवडायचं, रेडिओ लावून. तिने मला विचारलं, तुमच्याकडे पोहे म्हणतात ते काय असतं. आणि मग सांगितलं की सात वर्षांची असताना ती, वॉल्टर, तुमच्या वर्कशॉपमध्ये आली होती, गरम काचेला तिचं बोट लागलं, आणि तुम्ही फुंकर घालत घालत तिला घरापर्यंत उचलून आणलंत. वॉल्टर दरवेळी इथे थांबवायचे. "असं म्हणाली? तिला आठवत होतं?" मी म्हणायचे, हो. मग ते चहा प्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुहास म्हणाला, "तुला कंटाळा कसा येत नाही?" येत होता की. पण ज्या माणसाला तीस परक्यांच्या बापांचे धंदे तोंडपाठ होते, त्याच्याकडे मुलीचं म्हणून एवढंच होतं, आणि तेही माझ्याकडे ठेवलेलं.

या मार्चमध्ये ते घरात पडले, आणि मग त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवलं. मी शेवटची गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. खूप लहान दिसत होते. मला ओळखलं. "सांग," ते म्हणाले. मी कुत्र्यापासून सुरुवात केली. रेडिओ, पोहे, वर्कशॉप, फुंकर. यावेळी त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग नर्स आली."

"नर्स काय म्हणाली?"

हा भाग मी कधी सांगितला नव्हता. त्यांच्या जिव्हारी लागेल म्हणून टाळत आले होते. पण आता टाळून काय मिळवणार होते? मी म्हटलं, "औषध देण्याआधी नर्सना विचारावंच लागतं. तिने रूथला नाव विचारलं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मग? तिने सांगितलं?"

"सांगितलं. रूथ एग्लिश्वांडर. तुम्ही झोपलेले होतात तरी तुमच्याकडे बघून सांगितलं."

वॉल्टर यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली, आणि मी पर्स उचलली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा बसले आणि पुन्हा सांगितलं.